शाळा सुटल्यावर उसाच्या बांधावर



गेल्या श्रावणात एका सभासदाच्या प्लॉटवर मावा पाहायला गेलो होतो. त्यांचा सहावीतला मुलगा बांधावर उभा राहून पानावरच्या अळ्या चिरडत होता. वडील कौतुकाने म्हणाले, "बघा साहेब, पोरगं फवारणीचा खर्च वाचवतंय." जवळ जाऊन पाहिलं, तर त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. ही अळी मावा खाऊनच जगते. म्हणजे चोर सोडून राखणदारच मारला जात होता! दोष पोराचा नव्हता. वीस वर्षं मी गावोगाव बैठका घेतोय, पण बोललो ते बापाशी. पोराला कोणी सांगितलंच नाही.

यावर उपाय घरचाच आहे. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने २००१-०२ साली 'राष्ट्रीय हरित सेना' ही योजना सुरू केली. तिच्यात शाळेतली मुलं व एक शिक्षक मिळून निसर्ग मंडळ चालवतात. पण एक झाड लावलं आणि फोटो काढला, एवढ्यावर मंडळ थांबता कामा नये. शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक तास मुलं बांधावर आली पाहिजेत. काय करायचं ते हंगामाप्रमाणे सांगतो.

जून : वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दिवेलागणीनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. पुढे तिच्या अळ्या उसाच्या मुळ्या खातात. वस्तीजवळच्या झाडाच्या फांद्या हलवून भुंगेरे पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. त्या रात्री मारलेली एक मादी म्हणजे पुढच्या ५० अळ्या कमी, हा हिशेब मुलं लगेच मांडतात.

लागणीनंतर दीड-दोन महिन्यांनी : खोडकिड्याने पोंगा वाळतो. तो ओढला की सहज हातात येतो आणि घाण वास मारतो. शंभर कोंबांत असे किती पोंगे, हे मुलांनी मोजून वहीत लिहावं. ट्रायकोकार्डावरून निघणारी माशी टाचणीच्या डोक्याहूनही लहान असते. ती किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. हे भिंगातून एकदा दाखवा, मग पोरगं बापाला विचारील, "कार्ड लावलंय ना? मग फवारा कशाला?"

तोडणीनंतर : पाचट न पेटवता सरीत ठेवलेलं असेल, तर महिन्या-दोन महिन्यांनी ते उचलून खाली काय राहतं ते पाहावं. कोळी, गांडूळ सगळं दिसेल. जळालेल्या रानात यातलं काय सापडतं, तेही पाहावं.

थंडीत एक रविवार नांदूर मध्यमेश्वरला जावं. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या जुन्या बंधाऱ्यात गाळ साचून तिथे पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये तिचं अभयारण्य झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून तिची नोंद झाली. हिवाळ्यात लांबच्या देशांतून बदकं येतात. दुर्बिणीतून ती पाहताना मुलांना एवढंच सांगा, की आपल्या रानातून वाहून गेलेलं औषध आणि खत शेवटी अशाच पाण्यात उतरतं.

आता काळजीचं. आपल्या निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात बिबट्या उसात राहतो, हे कोणाला नव्याने सांगायला नको. दाट फड, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री. त्याला आणखी काय पाहिजे? म्हणून मुलांनी उभ्या उसात शिरायचं नाही, बांधावर ओणवं बसायचं नाही आणि अंधार पडण्यापूर्वी घरी यायचं. भुंगेऱ्यांच्या रात्री मोठी माणसं व उजेड बरोबर हवाच. तोडणीत पिल्लं सापडली तर हात लावू नये, खेळवू नये, फोटोसाठी गर्दी करू नये. आई जवळपासच असते. लांब होऊन वन खात्याला १९२६ या नंबरवर कळवावं. फवारलेल्या प्लॉटमध्येही मुलांना पाठवू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? उद्या हीच मुलं सातबाऱ्यावर येतील. कोणी नोकरीला जाईल, कोणी रान कसेल. पण ज्याला आपल्या बांधावरचा मित्रकिडा ओळखता येत नाही, त्याला दुकानदार देईल ती बाटली घ्यावी लागते. त्यात पैसा जातो आणि जमीनही जाते.

तरी पालक सभासदांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि गावातला एक प्लॉट ठरवून गट कार्यालयाला कळवावं. त्या दिवशी संध्याकाळी मी भिंग घेऊन हजर राहीन. आणि त्या सहावीतल्या मुलाचं सांगायचं राहिलं. परवा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, आता मी ठिपकेवाल्यांना सोडून देतो."

आपला,
ऊस विकास अधिकारी