तळ्याकाठची खोली आणि तिचे भाडे

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघर सहलीचे बेत सुरू होतात. गाडी कोणती, निघायचे केव्हा, बरोबर कोण कोण, हे प्रश्न सहज सुटतात. अडते ते राहण्याच्या सोयीपाशी. बेळगावहून निपाणी, कोल्हापूर, सातारा, मेढा असे करीत महाबळेश्वर गाठावे, तर मे महिन्यात तेथे एका रात्रीच्या खोलीला जे भाडे सांगितले जाते त्यात आमच्या सांबऱ्याला साधी खोली जवळजवळ महिनाभर मिळते. ‘मालक लुबाडतात’ हे यावर सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर. मला ते अपुरे वाटते. पर्यटनाच्या गावी घर भाड्याने देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे; त्याला स्वतःचे गणित, स्वतःचा कायदा आणि गावावर होणारे स्वतःचे परिणाम आहेत. ते समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी महाबळेश्वरच घेऊ. येथील थंड हवेचे ठिकाण मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात उभे राहिले. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ही जागा इंग्रजांकडे आली व मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा हे गाव महाराजांना देण्यात आले. म्हणजे या गावाचा जन्मच मुळी जागेच्या व्यवहारातून झाला! ज्या वेण्णा तलावात आपण होड्या वल्हवतो तो निसर्गाने दिलेला नाही. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ साली बांधविला. तलावाचा विस्तार अवघा अठ्ठावीस एकरांच्या आसपास आहे. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

इंग्रज अधिकारी आणि मुंबईचे धनिक यांनी येथे बंगले बांधले. त्यांपैकी पुष्कळ बंगले सरकारी जमिनीवर, भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेत उभे राहिले. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे बेळगावच्या जवळजवळ चौपट पाऊस पडतो. त्यामुळे पावसाळ्यात बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधून ते बंद ठेवावयाचे आणि हंगामात उघडावयाचे, अशी रीत पडली. मालक स्वतः येणार नसेल तेव्हा बंगला हंगामापुरता दुसऱ्या कुटुंबास द्यावयाचा, हे ओघानेच आले. त्या काळी भाडे हंगामाचे असे आणि भाडेकरू आचारी, नोकर, भांडीकुंडी घेऊन येत असे. आज भाडे रात्रीचे झाले आहे व पाहुणा शनिवारी येऊन सोमवारी जातो. मात्र वर्षातले काही थोडे दिवसच कमाईचे, ही मूळची अडचण तशीच राहिली आहे.

आता गणिताकडे वळू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, सांबऱ्यातील एका खोलीचे भाडे दरमहा ४,००० रुपये आहे. वर्षाचे ४८,००० झाले. भाडेकरू वीज स्वतःची भरतो, झाडलोट स्वतः करतो आणि मालक निश्चिंत असतो. तळ्याकाठच्या खोलीचे भाडे रात्रीला ३,००० रुपये धरू. त्यातून प्रवासी आणून देणाऱ्या मध्यस्थाची शेकडा १५ प्रमाणे दलाली ४५० रुपये, आणि चादरी धुणे, सफाई, चहा-न्याहारी यांचे ६०० रुपये गेले. मालकाच्या हाती रात्रीमागे १,९५० रुपये उरले. पण राखणदार, पावसाळ्यानंतरची डागडुजी, रंगरंगोटी, कर व विजेचा स्थिर आकार मिळून त्या खोलीवर वर्षाला ८०,००० रुपये बसतात, आणि हा खर्च खोली भरली काय, रिकामी राहिली काय, चुकत नाही.

म्हणजे पहिल्या ४१ रात्रींची सारी कमाई केवळ हा खर्च भरून काढण्यात जाते. सांबऱ्याच्या मालकाइतके ४८,००० रुपये हाती पडावयाचे, तर खोली वर्षात ६६ रात्री भरली पाहिजे. ११० रात्री भरली तर १,३४,५०० रुपये उरतात, म्हणजे सांबऱ्याच्या जवळजवळ पावणेतीनपट. ६० रात्रीच भरली तर उरतात ३७,०००. एखादा मे महिना दरड कोसळून वा साथ पसरून वाया गेला की वर्ष बुडाले. २०२० सालच्या टाळेबंदीत ऐन एप्रिल-मे कोरडे गेले, तेव्हा अशा असंख्य घरांना याचा अनुभव आला. दिवाळीच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी दर दुप्पट का होतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. रिकाम्या रात्रींचे भाडे भरलेल्या रात्री देत असतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस यात स्थिर खर्च व बदलता खर्च यांचा धडा आयताच सापडेल.

कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आपण ज्याला सरसकट ‘भाडे’ म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०५ व्या कलमाप्रमाणे भाडेपट्टा दिला, म्हणजे त्या जागेच्या उपभोगाचा हक्कच ठरलेल्या मुदतीसाठी दुसऱ्याकडे गेला. सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमाखालील परवान्यात मात्र जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. एरवी जे करणे बेकायदा ठरले असते ते करण्याची केवळ मुभा मिळते. हे दोन्ही कायदे १८८२ सालचे. सुट्टीतील पाहुणा हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. किल्ली त्याच्या हाती असली तरी घर त्याच्या ताब्यात गेले असे होत नाही. नेहमीच्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण मिळू शकते आणि खोली रिकामी करून घेण्यास कधी कधी वर्षे लागतात. पाहुणा मात्र सकाळी दहाला निघतो. कित्येक मालकांना कमाईपेक्षाही ही निश्चिंती मोलाची वाटते. परिणामी, जी खोली एरवी एखाद्या शिक्षकाला किंवा एस.टी.च्या वाहकाला मिळाली असती ती प्रवाशांसाठी राखून ठेवली जाते.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. घर देणारा त्या घरात राहतो की नाही? केंद्र शासनाच्या पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि सहापेक्षा अधिक खोल्या देता कामा नयेत, अशी अट आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचीही अशीच एक योजना आहे. कोडगूतील कॉफीच्या मळ्यांतले होमस्टेही मूळ याच कल्पनेवर उभे राहिले. मालक घरात असला की पाहुण्याच्या गोंगाटाला आळा बसतो, जेवणाला गावातली भाकरी लागते, दूध-भाजी शेजारून येते आणि पैसा गावात फिरतो. परंतु दूरच्या शहरातील मनुष्याने केवळ भाड्यासाठी घर घेऊन ठेवले, तर ते वर्षाचे तीनशे दिवस अंधारात असते आणि कमाई गावाबाहेर जाते. बाहेरून पाहता दोन्ही घरांवर पाटी एकच असते, पण गावाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इंटरनेटमुळे हा फरक अधिक ठळक झाला. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एअरबीएनबी या कंपनीमागची कल्पना घरातली मोकळी जागा पाहुण्यास देण्याची होती. पुढे पूर्ण रिकामी घरे याच मार्गाने भाड्याने जाऊ लागली. कॅलिफोर्नियातील साउथ लेक टाहो हे तळ्याकाठचेच सहलीचे गाव. तेथील मतदारांनी २०१८ साली निवासी वस्तीतील अशा भाड्यावर निर्बंध घालणारा ठराव अगदी थोड्या मतांच्या फरकाने मंजूर केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ साली तो ठराव रद्द ठरला. न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी यजमानाने घरात हजर असण्याची अट अंमलात आणली. आपल्या निवास व न्याहारी योजनेतील अट तीच आहे, हे पाहण्याजोगे आहे.

आता त्या अठ्ठावीस एकरांकडे येऊ. वेण्णा तलाव नौकाविहारासाठी प्रसिद्ध असला तरी महाबळेश्वर आणि पाचगणी या गावांचे पिण्याचे पाणीही त्याच तलावातून येते. तलाव भरतो पावसाळ्यात, जेव्हा प्रवासी सर्वांत कमी असतात. प्रवाशांची गर्दी उसळते एप्रिल-मे मध्ये, जेव्हा पाणी सर्वांत खाली गेलेले असते. खोल्या वाढविता येतात, मजले चढविता येतात, पण तलाव मोठा करता येत नाही. म्हणूनच केंद्र शासनाने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि बांधकामावर बंधने आली. ही बंधने स्थानिकांना जाचतात हेही खरेच, कारण वाढत्या कुटुंबासाठी एक खोली बांधणारा आणि भाड्यासाठी दहा खोल्या बांधणारा यांना एकाच नियमाने मोजले जाते.

महाबळेश्वरहून घाट उतरून पंचवीसेक किलोमीटर गेले की तापोळा लागते. येथले तळे म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. धरण १९६० च्या दशकात पुरे झाले; त्याची साठवण सुमारे १०५ अब्ज घनफूट. महाराष्ट्राला वीज मिळाली, परंतु खोऱ्यातील गावांची काठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. माणसे दूरच्या जिल्ह्यांत वसविली गेली, कित्येक मुंबईला माथाडी कामाला गेले. जे मागे उरले त्यांच्या वाट्याला डोंगराची उताराची जमीन आली. आज त्याच उतारावर तंबू व खोल्या उभ्या करून काही कुटुंबे प्रवाशांना ‘जलाशयाचा देखावा’ दाखवितात. ज्या पाण्याने शेत नेले त्याच पाण्याकडे तोंड केलेली खिडकी आता घर चालविते. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा शेतकऱ्यांना मान्यतेचा मार्ग मोकळा केला, हे चांगले झाले. पण २०१९ साली ‘नवीन महाबळेश्वर’ वसविण्यासाठी सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील २३५ गावांकरिता रस्ते विकास महामंडळास नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले, तेव्हापासून डोंगरउताराच्या जमिनीकडेही बाहेरच्यांची नजर वळली आहे. एकदा पाण्याने जमीन गेली, आता पैशाने जाऊ नये, एवढीच तेथील माणसांची चिंता असणार.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. बेळगाव-वेंगुर्ला मार्गावरचे आंबोली हे आपले जवळचे थंड हवेचे ठिकाण. तेथे उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करून घटप्रभेला मिळते. आंबोलीत भाड्याच्या खोल्या वाढतील आणि सांडपाण्याची सोय वाढणार नाही, तर त्याचा परिणाम सीमेच्या अलीकडे भोगावा लागेल. नदीला मराठी-कन्नड असा भेद ठाऊक नसतो. तिलारी, राकसकोप, हिडकल या जलाशयांच्या काठची जमीनही केव्हा ना केव्हा कोणाच्या तरी नजरेत भरेल. तेव्हा आपल्या ग्रामपंचायतींनी काय विचारावे? माझ्या मते प्रश्न तीनच आहेत. मालक येथे राहणार आहे का? मे महिन्यात पाणी कोठून आणणार? सांडपाणी कोठे जाणार?

आणि आपण स्वतः पाहुणे म्हणून जाऊ तेव्हाही हेच तीन प्रश्न आपल्या तोंडी असावेत. भाडे किती, हे तर आपण विचारतोच. घरमालक ज्या घरात राहतो तेथे उतरणे, बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणे, गर्दीचा हंगाम टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणे, एवढे विद्यार्थ्यांच्या खिशालाही परवडते. रिकाम्या दिवसांत गेलेला पाहुणा मालकाच्या ६६ रात्री भरण्यास मदत करतो, स्वतः कमी भाडे देतो आणि तळ्यावरचा भारही हलका करतो.