हातात तीन अठ्ठ्या, समोरचा रक्कम वाढवतोय, काय करावे?

समजा, पोकरमध्ये हातात दोन अठ्ठ्या आहेत. टेबलावरची पहिली तीन पाने, म्हणजे फ्लॉप, उघडली: बदाम राजा, बदाम अठ्ठी, इस्पिक तिर्री. तीन अठ्ठ्या जमल्या. हातात जोडी असताना असे साधारण साडेआठ वेळांत एकदा घडते. समोरचा आक्रमक खेळाडू मोठी रक्कम लावतो. गप्प राहायचे की रक्कम वाढवायची?

उत्तर टेबलावरच आहे. दोन बदाम उघडे आहेत. त्याच्या हातात आणखी दोन असतील, तर उरलेल्या दोन पानांत पाचवे बदाम येऊन फ्लश होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. म्हणून इथे रक्कम वाढवावी. पुढचे पान त्याला स्वस्तात पाहू देऊ नये. तिन्ही पाने वेगवेगळ्या रंगांची असती, तर नुसती बरोबरी करून त्याला थापा मारू देणे फायद्याचे.

मात्र हे गणित आमगावात बसून मोबाइलवर पैसे लावून आजमावता येणार नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. ‘हा कौशल्याचा खेळ’ ही सबब तिथे चालत नाही. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सराव करायचाच, तर घरच्या पत्त्यांवर, पैशांविना.