दुःख राहू द्या, हट्ट सोडा

घरातलं माणूस गेलं, नोकरी सुटली, वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतरही निकालात नाव आलं नाही, की भोवतालची माणसं जवळ येऊन म्हणतात, ‘मनाला लावून घेऊ नका.’ हेतू चांगला असतो; पण ज्याचं काही गेलंय त्यानं नाही लावून घ्यायचं, तर कुणी? दुःख होणं हा आजारही नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. कणखर मनाच्या गोष्टी करण्याआधी एवढं मान्य करावं लागतं. ते ज्यांनी रोखठोकपणे मान्य केलं आणि तरीही दुःखात बुडून राहायला ठाम नकार दिला, ते मानसशास्त्रज्ञ म्हणजे अल्बर्ट एलिस.

एलिस यांचा जन्म १९१३चा. पिट्सबर्गमध्ये जन्मले, वाढले न्यूयॉर्कमध्ये. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना वारंवार रुग्णालयात राहावं लागलं आणि आईवडील तिकडे फारसे फिरकत नसत. स्वभाव कमालीचा बुजरा. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. पुढे ते स्वतः हिशेब सांगत : १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणी बोलल्या, एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण इतके नकार पचवल्यावर भीती मात्र गेली. नकारानं आभाळ कोसळत नाही हे त्या बाकांवरच त्यांना उमगलं.

पुढे मनोविश्लेषक म्हणून काम करताना त्यांना दिसलं की रुग्णाला बालपण उलगडून दाखवलं तरी तो बरा होतोच असं नाही. मग ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसच्या विचारांचा आधार घेत १९५५मध्ये त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. अंजली जोशी यांनी एलिस यांच्या आयुष्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली. ठाण्यात १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था उभी करणारे आनंद नाडकर्णी यांनीही हा विचार घराघरांत नेला.

या पद्धतीचा गाभा एका उदाहरणातून पाहू. समजा, पुण्याच्या पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा आहे. निकालाची पीडीएफ उघडली, क्रमांक नाही. तो मनाशी म्हणाला, ‘मला हे फार हवं होतं, मिळालं नाही, फार वाईट झालं,’ तर तो रडेल, एखादा दिवस मेसमध्ये जेवायलाही जाणार नाही, पण पुढे कधीतरी कोणत्या पेपरात गुण गेले ते काढून बसेल किंवा सरळ नोकरी शोधायला लागेल. आता तोच मनाशी म्हणाला, ‘मला हे मिळायलाच हवं होतं, मिळालं नाही म्हणजे मी कुचकामी,’ तर तो वडिलांचा फोन उचलणार नाही, अभ्यासिकेत ओळखीचं कुणी दिसलं की वाट बदलेल, रात्र रात्र तेच उगाळत बसेल. निकाल एकच. पहिल्या वाटेवर दुःख आहे, दुसरीवर विषाद. एलिस यांनी अशा जोड्याच लावल्या : काळजी आणि चिंता, नाराजी आणि संताप, पश्चात्ताप आणि अपराधगंड. यातलं पहिलं कितीही तीव्र असलं तरी माणसाला हलतं ठेवतं; दुसरं जखडून टाकतं. इच्छेचा हट्ट झाला की पहिल्याचं दुसरं होतं.

हा हट्ट डोक्यात पकडता येत नाही, कागदावर येतो. काय घडलं ते लिहायचं, काय वाटलं ते लिहायचं, आणि मधल्या जागेत मनात उमटलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. मग त्या वाक्याची उलटतपासणी. हे मिळायलाच हवं, असा नियम आहे कुठे? एका निकालावरून अख्खा माणूस कुचकामी ठरतो याला पुरावा काय? हे धरून ठेवून माझं भलं होतंय का? आणि लिहून थांबायचं नाही. त्या मुलानं त्याच संध्याकाळी वडिलांना फोन लावायचा. आवाज कापला तर कापला.

उगाळण्याचं नुकसान किती, हे एका भूकंपानं दाखवलं. ऑक्टोबर १९८९मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि विचारांच्या सवयींची नोंद केली होती. आधीपासून उगाळत बसण्याची सवय असलेले विद्यार्थी भूकंपानंतर कित्येक आठवड्यांनीही अधिक उदास आढळले.

तरीही सगळं ज्याच्या त्याच्या विचारांवर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. कर्ज, उपासमार, घरातली मारहाण ही उलटतपासणीनं मिटत नाहीत. तिथे आधी परिस्थितीच बदलावी लागते. शिवाय उभारी एकट्याच्या डोक्यात तयार होत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे अनेक दशकं अभ्यास केला. गरिबी, व्यसनं, भांडणं अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, जबाबदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं : आजी, मावशी, एखादे शिक्षक. बाकीच्या, बिघडलेल्या मुलांपैकीही पुष्कळ जण तिशी-चाळिशीत सावरले, ही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते.

दोन आठवडे उलटूनही झोप आणि भूक परतली नसेल, कशातच जीव रमत नसेल, तर कागद-पेन बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा. तुमच्यासाठी नाही तर शेजारच्या कुणासाठी लागेल.