साडेसहा पौंडांची खुर्ची, चोवीस पौंडांचे तिकीट

ब्रॅडफर्ड सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०१५-१६ च्या मोसमात प्रौढांचे सीझन तिकीट १४९ पौंडांना विकले. क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता आणि घरच्या मैदानावर त्याचे लीगचे २३ सामने होते. म्हणजे एका सामन्याला ६ पौंड ४८ पेन्स. पौंडाला ११५ रुपये धरले तर सुमारे ७४५ रुपये. त्या मोसमात सामन्याला सरासरी १८ हजारांहून अधिक प्रेक्षकांची नोंद झाली. मैदानाची क्षमता २५ हजार, म्हणजे चारपैकी जवळपास तीन खुर्च्या गेल्या.

हा प्रयोग आठ वर्षे जुना होता. २००७ मध्ये क्लब चौथ्या श्रेणीत घसरला, तेव्हा सीझन तिकिटाची किंमत १३८ पौंडांवर आणली गेली. सामन्याला बरोबर ६ पौंड. श्रेणी घसरली की गर्दी घटते, हा नेहमीचा अनुभव. इथे २००६-०७ ची सुमारे पावणेनऊ हजारांची सरासरी २००७-०८ मध्ये साडेतेरा हजारांच्या पुढे गेली. खेळ खालच्या दर्जाचा आणि प्रेक्षक निम्म्याहून अधिक वाढलेले.

खालच्या श्रेणींतल्या तिकीटदरांवरून समर्थक चिडतात, तेव्हा हे उदाहरण हमखास पुढे येते. त्यावर क्लबांचे उत्तरही ठरलेले असते: खर्च वाढले, दर वाढवावेच लागतात. दोन्ही बाजू आकड्यांवर तपासता येतात.

आधी राग नेमका कशावर आहे ते पाहू. सीझन तिकीट घेणारा आणि सामन्याच्या दिवशी खिडकीवर तिकीट काढणारा, हे दोन वेगळे ग्राहक आहेत. खिडकीवरचा दर २० पौंड धरला तर आठ सामन्यांचे १६० पौंड होतात. ब्रॅडफर्डच्या १४९ पौंडांत २३ सामने मिळत होते. शनिवारी कामावर असणारा, शिफ्ट बदलणारा, मुलांना महिन्यातून एकदा नेणारा माणूस सीझन तिकीट घेत नाही. सर्वांत महाग खुर्ची त्याच्याच वाट्याला येते. त्यावर अनेक क्लब आणखी एक आकार लावतात: तेच तिकीट आदल्या दिवशी घेतले तर एक दर, सामन्याच्या दिवशी घेतले तर दोन-तीन पौंड जास्त. ऑनलाइन घेतले तर कुठे कुठे बुकिंग फी निराळी.

विमान कंपनी शेवटच्या दिवशी जास्त पैसे घेते, कारण जागा संपत आलेल्या असतात. इथे जागा संपत नाहीत. चौथ्या श्रेणीत निम्म्या रिकाम्या स्टँडसमोर हा जादा आकार घेतला जातो. टंचाई नसताना घेतलेली ही टंचाईची किंमत आहे.

त्यातून क्लबला किती मिळते? एक काल्पनिक क्लब घेऊ. सामन्याला ३,००० घरचे प्रेक्षक, त्यांतले १,००० खिडकीवरचे. दर २२ पौंडांवरून २४ वर नेला. एकही माणूस कमी झाला नाही असे मानले तर २३ सामन्यांत ४६,००० पौंड जादा जमतात. ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या तिकिटावर २० टक्के व्हॅट आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. २४ पौंडांच्या तिकिटातले ४ पौंड सरकारचे. व्हॅट गेल्यावर ४६,००० चे ३८,३३३ उरतात. ५२ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ७३७ पौंड. एवढ्यात व्यावसायिक फुटबॉलमधला एक खेळाडू भागतो, तोही बेंचवरचा.

आता उलट बाजू. २२ पौंडांनी १,००० जणांकडून एका सामन्याला २२,००० पौंड येत होते. २४ पौंडांनी तेवढे यायला ९१७ जण पुरतात. म्हणजे १,००० पैकी ८४ जणांनी घरी बसायचे ठरवले की दरवाढीचा सगळा फायदा संपतो आणि तोटा सुरू होतो. त्या ८४ जणांनी मध्यंतरात पाई, चहा किंवा बिअर घेतली असती, तो गल्ला यात धरलेलाच नाही.

मग सगळ्यांनी ब्रॅडफर्डचा कित्ता का गिरवू नये? कारण तिथे खुर्च्या २५ हजार आहेत. १४९ पौंडांतून व्हॅट वजा केला तर सामन्याला क्लबच्या हाती ५ पौंड ४० पेन्स राहतात. अॅक्रिंग्टन स्टॅनलीच्या मैदानाची क्षमता ५,४५० आहे. तिथे प्रत्येक सामन्याला प्रत्येक खुर्ची या दराने गेली, तरी सामन्याचे २९,४३० पौंड आणि मोसमाचे ६ लाख ७७ हजार. प्रत्यक्षात तिथली गर्दी तीन हजारांच्या आसपास असते. स्वस्त तिकिटाचे गणित मोठ्या आणि रिकाम्या मैदानावर जमते. लहान मैदानावर ते पूर्ण भरूनही जमत नाही.

टीव्हीच्या पैशाशी ताडून पाहिले की या ६ लाख ७७ हजारांचे वजन कळते. प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणींतल्या ७२ क्लबांच्या इंग्लिश फुटबॉल लीगने (ईएफएल) २०२४ पासूनच्या पाच मोसमांसाठी स्काय स्पोर्ट्सशी ९३.५ कोटी पौंडांचा करार केला. त्यातले ४ कोटी मार्केटिंगच्या रूपात, म्हणून रोख ८९.५ कोटी धरू. वर्षाला १७.९ कोटी. वाटणीचे रूढ प्रमाण दुसऱ्या श्रेणीला ८० टक्के, तिसरीला १२ आणि चौथीला ८. या ढोबळ हिशोबाने चौथ्या श्रेणीतल्या एका क्लबला वर्षाला सुमारे ६ लाख पौंड येतात, तर दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबला सुमारे ६० लाख. प्रीमियर लीगचा २०२५ पासूनचा देशांतर्गत करार चार वर्षांसाठी ६७० कोटी पौंडांचा आहे. २० क्लबांत सरासरी काढली तर प्रत्येकी वर्षाला जवळपास ८ कोटी ३८ लाख.

या उतरंडीतून एक विसंगती निघते. पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड, हा नियम २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये आहे. खालच्या श्रेणींत तो नाही. तिथे नियम एवढाच, की तशाच जागेसाठी घरच्या प्रेक्षकापेक्षा पाहुण्याकडून जास्त घ्यायचे नाही. त्यामुळे दुसऱ्या श्रेणीतला सामना पाहायला परगावी गेलेल्या माणसाला पहिल्या श्रेणीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागू शकतात, आणि लागतातही. टीव्हीचे पैसे सर्वांत जास्त जिथे आहेत, कमाल मर्यादा तिथेच परवडते.

ईएफएलच्या स्काय करारातला आणखी एक आकडा खिडकीवरच्या प्रेक्षकाशी जोडलेला आहे. मोसमाला १,०५९ सामने थेट दाखवले जातात. चौथ्या श्रेणीचे त्यात किमान २४८ आहेत, म्हणजे लीगच्या ५५२ पैकी ४५ टक्के. २४ पौंडांच्या तिकिटाची स्पर्धा आता घरच्या सोफ्याशीही आहे.

समर्थकांच्या बाजूचे आकडेही तपासायला हवेत, कारण एक आकडा त्यांच्या विरोधात जातो. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलने मँचेस्टर सिटीच्या पाहुण्या समर्थकांना ६२ पौंडांचा दर लावला आणि ३,००० पैकी ९१२ तिकिटे न विकता परत गेली. त्याच महिन्यात पाहुण्यांसाठी २० पौंडांची मर्यादा मागणारी समर्थक संघटनेची मोहीम सुरू झाली. तेव्हा प्रौढांचे किमान वेतन तासाला ६.१९ पौंड होते, म्हणजे २० पौंडांसाठी ३ तास १४ मिनिटे काम. एप्रिल २०२५ मध्ये ते १२.२१ पौंड झाले, आणि २४ पौंडांसाठी १ तास ५८ मिनिटे पुरू लागली. महागाईच्या हिशोबानेही २०१३ चे २० पौंड २०२५ मध्ये सुमारे २८ होतात. म्हणजे आजचे २४ पौंडांचे तिकीट २०१३ च्या मोहिमेने मागितलेल्या दरापेक्षाही स्वस्त आहे.

तरीही तक्रार खोटी ठरत नाही. तिकिटाची सरासरी पातळी हा तिचा भक्कम भाग नाही, दोन दरांमधली दरी हा आहे. ब्रॅडफर्डमध्ये शेजारच्या खुर्चीवरचा माणूस त्याच सामन्याला साडेसहा पौंडांत बसलेला होता.

किंमत कमी केली की मैदान भरते, या समजुतीलाही मर्यादा आहेत, आणि त्याचे उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. अॅक्रिंग्टनपासून जेमतेम आठ किलोमीटरवरचा ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने २.३ कोटी पौंडांना घेतला. तेव्हा क्लब प्रीमियर लीगमध्ये होता आणि सरासरी गर्दी २५ हजारांच्या घरात होती. मे २०१२ मध्ये तो खाली घसरला. ज्या सामन्यात ते नक्की झाले, त्या विगनविरुद्धच्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती. २०१७-१८ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत खेळला, दुसरा क्रमांक मिळवून वर गेला, आणि त्या यशाच्या वर्षीही सरासरी गर्दी १३ हजारांच्या आत राहिली. ३१,३६७ क्षमतेच्या मैदानात ती ४१ टक्के. इथली नाराजी तिकीटदरापेक्षा मालकांवर अधिक होती. ती दोन पौंडांच्या सवलतीने मिटणारी नव्हती.

दुसऱ्या टोकाला जर्मनीतला फोर्टुना ड्युसेलडोर्फ आहे, तेव्हा तिथल्या दुसऱ्या श्रेणीतला. २०२३-२४ मध्ये त्याने घरचे तीन सामने मोफत ठेवले. पाच वर्षांसाठी प्रायोजकांकडून सुमारे ४.५ कोटी युरो उभे केले, म्हणजे वर्षाला ९० लाख. दुसऱ्या श्रेणीत घरचे १७ सामने असतात, त्या सगळ्यांवर वाटली तर ही रक्कम सामन्याला सुमारे ५ लाख २९ हजार युरो पडते. २१ ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या मोफत सामन्यासाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. कायझर्सलाउटर्नविरुद्ध ०-३ असा मागे पडलेला संघ ४-३ ने जिंकला. तिकिटाचा खर्च इथे प्रेक्षकाकडून प्रायोजकाकडे गेला, नाहीसा झाला नाही. अॅक्रिंग्टनला एवढे प्रायोजक मिळणार नाहीत.

गर्दीच्या सगळ्याच आकड्यांना एक तळटीप लागते. क्लब जी उपस्थिती जाहीर करतात ती साधारणपणे विकलेल्या तिकिटांची असते. सीझन तिकीटवाला पावसामुळे घरी बसला तरी तो हजर धरला जातो. तिकीट जितके स्वस्त, तितके ते न वापरल्याचे दुःख कमी, म्हणून ब्रॅडफर्डच्या १८ हजारांतही काही रिकाम्या खुर्च्या मोजलेल्या असणार. खिडकीवरचा प्रेक्षक मात्र आला तरच मोजला जातो. उपस्थितीच्या आकड्यात त्याच्याइतका खरा कोणी नाही. पण एका सामन्याला असे किती जण आले, ही संख्या क्लब सहसा वेगळी सांगत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल नियमनाचा कायदा मंजूर झाला. वरच्या पाच श्रेणींतले ११६ क्लब त्याच्या कक्षेत येतात. तिकीटदरांबाबत समर्थकांशी सल्लामसलत करण्याचे बंधन तो त्यांच्यावर घालतो. दरावर कमाल मर्यादा या कायद्यात नाही. अशा सल्लामसलतीच्या बैठकीला जाणाऱ्या समर्थकाने आधी खिडकीवरच्या प्रेक्षकांची सामनावार संख्या मागावी आणि दराचा विषय नंतर काढावा.