मातीच्या धरणाची राखण

मृगापूर्वीं आपण घर शाकारून घेतों. गांवच्या मातीच्या धरणाची मात्र, तें एकदां बांधून झालें कीं, कोणी विचारपूस करीत नाहीं. पायथ्याशीं झिरपणारें पाणी बेताचें व स्वच्छ असेल तर फारशी भीति नाहीं. तेंच गढूळ झालें, तर धरणाच्या पोटांतील माती वाहूं लागली असें समजावें. भरावावरील झाडें, उंदीर-खेकड्यांचीं बिळें व तुंबलेला सांडवा हे त्याचे वैरी होत. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे धरण फुटलें आणि भेंदवाडींतील घरें माणसांसह वाहून गेलीं. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती. पुढें दोष खेकड्यांवर ढकलण्यांत आला! बीळ करणें हा खेकड्याचा स्वभावच. तें वेळींच बुजविणें हें माणसाचें काम, असें आम्हांस वाटतें.