शैली घडते कशी?

चित्रकला शिकणारी मुले एक प्रश्न फार लवकर विचारू लागतात : माझी स्वतःची शैली मला कधी सापडणार? शैली शोधायला निघाले, की बहुधा दुसऱ्याचीच हाती लागते. ती कामातून कशी घडत जाते हे पाहायचे असेल, तर चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रे कालक्रमाने लावून बघावीत.

गायतोंडे यांनी 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसे आहेत आणि भारतीय लघुचित्रांचा संस्कार उघड दिसतो. मग पॉल क्ले यांच्या चित्रांनी त्यांना ओढून घेतले. रेषा मोकळी झाली, आकृती विरत गेली, पुढे रेषाही मागे पडली. उरला तो रंग, त्याचा पोत आणि प्रकाश. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी काहीतरी सोडलेले आहे, आणि शैली घडण्याचे मर्म मला या सोडण्यातच दिसते. म्हणून प्रभावाला भिऊ नये. गाणारा आधी घराण्याची तालीम घेतो, तसा आवडत्या चित्रकाराचा कित्ता मन लावून गिरवावा. मात्र गिरवताना विचारत राहावे, की यातले काय काढून टाकले तरी माझे चित्र उभे राहते?

सोडल्यानंतर जे उरते, त्याला साजेशी कामाची रीत लागते. गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले. कॅनव्हासवर तैलरंगाचा थर रोलरने पसरायचा, त्यावर दुसरा चढवायचा, मध्येच सुरीने रंग खरवडून खालचा थर उघडा करायचा. कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे रंग कुठे निघतो, कुठे उमटतो. यात योगायोगाला जागा आहे. पण कोणता योगायोग ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे चित्रकारच ठरवतो. कुंचल्याबरोबर हाताच्या जुन्या सवयी आपसूक येतात. हत्यार बदलले की त्या थांबतात आणि डोळ्यांना नव्याने निर्णय घ्यावे लागतात. हे वर्षानुवर्षे झाले, की त्या निर्णयांतून माणूस ओळखू येऊ लागतो.

वेळेचा हिशेबही समजून घ्यावा. गायतोंडे वर्षाकाठी अगदी मोजके कॅनव्हास पुरे करत. बाकीचा काळ पाहण्यात आणि मनात चित्र पिकवण्यात जाई. 1984 मधल्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे जमेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी चित्रे केली. माध्यम आणि आकार दोन्ही बदलले, तरी ती चित्रे त्यांचीच वाटतात. पाहण्याची शिस्त इतकी मुरली होती.

चित्रकार प्रभाकर बरवे यांची वाट वेगळी. घड्याळ, पान, किल्ली अशा साध्या वस्तू ते मोकळ्या अवकाशात ठेवत आणि एनॅमल रंगाने रंगवत. ते नियमाने डायऱ्या लिहीत. त्यांत रेखाटने आहेत, टिपणे आहेत, एखाद्या आकाराचा पुन्हा पुन्हा घेतलेला मागोवा आहे. वही अशीच ठेवावी. सुबक स्केच हवेच असे नाही. आज कोणता रंग फसला, कुठे थांबायला हवे होते, रस्त्यात पाहिलेली कोणती वस्तू मनातून जात नाही, एवढे लिहिले तरी पुरे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने काही महिने एकच आकार, एकच माध्यम आणि तीन-चारच रंग घ्यावेत. पर्याय कमी असले, की आपला कल लवकर कळतो. अर्धे झालेले चित्र भिंतीशी पाठमोरे ठेवावे आणि थोड्या दिवसांनी वळवून पाहावे. पुरेशी चित्रे साठली, की सगळी जमिनीवर मांडावीत. जे न ठरवता परत परत आले आहे, एखादी कडा, एखादी रिकामी जागा, एखादा करडा, त्यावर खूण करून पुढचे काम तिथून सुरू करावे. लोकांना आवडलेले चित्र पुन्हा काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. चांगल्या हातांची वाढ तिथेच खुंटते.

बरवे यांनी आपला कलाविचार ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात मांडला आहे, आणि ते मराठीत आहे. ते मिळवून सावकाश वाचा.