आधी काम, मग सिस्टीम
घरचा संगणक : लेखांक ६

मागच्या लेखात आपण एसएसडी आणि रॅम बदलून जुन्या संगणकाचा वेग कसा वाढवता येतो ते पाहिले. आता त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम ठेवायची ते ठरवू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि हा प्रश्न घरोघरी आला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील, असे कंपनीने जाहीर केले. पण ती मुदतवाढ आहे, तोडगा नव्हे. अपडेट थांबल्याने संगणक बंद पडत नाही. मात्र नव्याने सापडलेल्या त्रुटी तशाच राहतात, आणि ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात तो अशा अवस्थेत वापरत राहणे धोक्याचे आहे.

‘सगळ्यात चांगली सिस्टीम कोणती?’ असे वाचक विचारतात. या प्रश्नाला कामाशिवाय उत्तर नाही. म्हणून आधी कागद घ्या आणि आठवडाभरात संगणकावर काय काय करता ते लिहून काढा. मग प्रत्येक कामासमोर ते ब्राउझरमध्ये होते की त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते, हे लिहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

दुकानाचे किंवा सोसायटीचे हिशेब टॅलीवर असतील, तर विंडोजच ठेवा, कारण टॅली विंडोजसाठीच बनते. ई-निविदा भरणाऱ्यांनी आणि डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनीही घाईने बदल करू नये. टोकनचे ड्रायव्हर आणि पोर्टलची पूरक सॉफ्टवेअर विंडोज धरूनच बनवलेली असतात. इतरत्र ती चालतीलच असे नाही. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पुस्तके करणाऱ्या डीटीपीवाल्यांचे काम कोरलड्रॉवर चालते. तो विंडोज आणि मॅकवर मिळतो, लिनक्ससाठी त्याची आजची आवृत्ती नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फाइलींचा साठा असेल, तर त्या उघडणारे एक तरी मशीन जपून ठेवावेच लागते.

आता दुसरी बाजू. ईमेल, यूट्यूब, वर्तमानपत्रे, रेल्वेचे तिकीट, वीजबिल, नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढेच काम असेल, तर ते सगळे ब्राउझरमध्ये होते. तिथे लिनक्स मिंट उत्तम चालते आणि त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. त्याला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असली तर काम आरामात होते. पत्रे आणि तक्ते करायला लिब्रेऑफिस सोबतच येते. वर्डच्या साध्या फाइली त्यात नीट उघडतात, पण गुंतागुंतीच्या मांडणीत ओळी सरकू शकतात, हे प्रबंध लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. लिनक्स फक्त तज्ज्ञांसाठी असते ही समजूत सोडा. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे उबुंटू लिनक्सवर बेतलेल्या सिस्टीमवर शिकत आहेत.

विंडोज हवेच असेल, तर तुमचे मशीन विंडोज ११ घेऊ शकते का ते पाहा. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. आय-५ नंतर ७२०० लिहिले असेल तर ती सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी. शिवाय टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक लागतो. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ हे इंग्रजीत टाइप केले, की उघडणाऱ्या खिडकीत आवृत्ती दिसते. टीपीएम सापडत नाही असा संदेश आला, तरी लगेच निराश होऊ नका. कित्येकदा ते बायोसमध्ये नुसते बंद असते.

मिंटकडे कल असेल, तर आहे ते न पुसता ते वापरून पाहता येते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची फाइल रुफस या सॉफ्टवेअरने चढवा आणि संगणक त्यावरून सुरू करा. त्यासाठी डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२ दाबावे लागते, एचपीवर एफ ९. ‘इन्स्टॉल’वर क्लिक करेपर्यंत हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि मुख्य म्हणजे प्रिंटर चालतो का ते तपासा. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’, ‘ज्ञानेश्वर’ हे शब्द लिहून पाहा. शिफ्टसह ‘जे’ दाबल्यावर ऱ उमटतो. जोडाक्षरे न तुटता दिसली, की मराठी लेखनाची काळजी मिटली.

जुन्या लॅपटॉपवर नुसता ब्राउझरच पुरत असेल, तर गूगलचे क्रोमओएस फ्लेक्सही मोफत आहे. मात्र त्यावर अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत, आणि इंटरनेट वारंवार जात असेल तर त्याचा उपयोग कमीच. मॅकओएस अ‍ॅपलच्या संगणकासोबतच येते. इंटेलचा जुना मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी सावध राहावे: इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस २०२५ मध्ये आली आहे.

चालते मशीन केवळ नव्या विंडोजच्या अटींत बसत नाही म्हणून भंगारात घालू नका. घरातल्या एखाद्या विद्यार्थ्याला किंवा आजी-आजोबांना ते अजून काही वर्षे चांगली साथ देऊ शकते.

पुढच्या लेखात : सिस्टीम बदलण्याआधी फोटो, कागदपत्रे आणि पासवर्ड यांचा बॅकअप कसा घ्यायचा. तोवर कामांची यादी तयार ठेवा आणि पेनड्राइव्हवरून चाचणी घ्या. ‘इन्स्टॉल’ मात्र बॅकअपनंतरच.